‘सहा सामन्यांची बंदी’ ही बातमी कशी वाचायची

मी न्यू जर्सीतल्या कोर्टांमध्ये दुभाषाचं काम करते. हिंदीसाठी बोलावणं जास्त येतं, मराठीसाठी कधीमधी. घरात नवरा आणि मुलगा दोघेही खेळवेडे. त्यामुळे वर्षातून एकदोनदा ठरलेला फोन येतो. मंडळातल्या कुणीतरी बातमी पाहिलेली असते की अमक्या खेळाडूने बायकोवर हात उचलला, लीगने त्याला इतक्या सामन्यांसाठी बसवलं. मग प्रश्न : “म्हणजे तो सुटला का अडकला?” मी कोर्टातली, म्हणून मला विचारायचं. दर वेळी तेच सांगून कंटाळा आला, तेव्हा एकदाच लिहून काढते.

एक कागद घ्या आणि मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे कोर्ट, उजवीकडे लीग. बातमीतली प्रत्येक तारीख यातल्या एकाच बाजूला लिहायची. गोंधळ होतो तो दोन्हीकडच्या तारखा एका दमात वाचल्यामुळे. कोर्टाला पुरावा लागतो, संशयाला जागा उरता कामा नये. लीग म्हणजे मालक. नोकराने कंपनीचं नाव घालवलं का, एवढंच तिला बघायचं असतं. म्हणून डावीकडे ‘केस नाही’ आणि उजवीकडे ‘३० सामने बंदी’ असं एकाच माणसाच्या बाबतीत होऊ शकतं, आणि त्यात चूक काही नसते.

आता रे राइसचा कागद भरू. तो बाल्टिमोर रेव्हन्स या अमेरिकन फुटबॉल संघाचा खेळाडू. हे प्रकरण आमच्या अंगणातलं. राइस इथल्या रटगर्स विद्यापीठाचा, आणि नवऱ्याने एमएस तिथेच केलं. २००६ च्या नोव्हेंबरात रटगर्सने लुइव्हिलला हरवलं तेव्हा नवरा स्टेडियममध्ये होता, लोक मैदानात धावले त्यांत हाही धावला. राइसची २७ नंबरची लाल जर्सी घेऊन घरी आला. ती अजून बेसमेंटमध्ये आहे.

डावी बाजू. १५ फेब्रुवारी २०१४, अटलांटिक सिटीतला एक कॅसिनो. राइसने लिफ्टमध्ये होणाऱ्या बायकोला ठोसा मारला, ती बेशुद्ध पडली. मार्चअखेर ग्रँड ज्युरीने (खटल्याइतका आधार आहे का ते बघणारे नागरिक) आरोप ठेवले आणि दुसऱ्याच दिवशी दोघांचं लग्न झालं. मे महिन्यात त्याला प्री-ट्रायल इंटरव्हेन्शन मिळालं. हा शब्द मी कोर्टात आठवड्याला दोनदा तरी भाषांतरित करते : ठरलेला काळ नीट वागायचं, सांगितलेले कार्यक्रम पुरे करायचे, मग आरोप रद्द, शिक्षेची नोंद नाही. राइसचे आरोप २०१५ च्या मे महिन्यात रद्द झाले. बातमीत ‘आरोप रद्द’ दिसलं की लोक ‘निर्दोष’ असं वाचतात. ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

उजवी बाजू. तो बेशुद्ध बायकोला लिफ्टबाहेर ओढतोय, ही फीत फेब्रुवारीतच जगाने पाहिली होती. २४ जुलैला एनएफएलने, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या लीगने, बंदी जाहीर केली, दोन सामन्यांची. आरडाओरडा झाला. २८ ऑगस्टला लीगचे प्रमुख, कमिशनर रॉजर गुडेल यांनी आपलं चुकल्याचं पत्र काढलं आणि नवा नियम आणला : पहिल्या वेळी सहा सामने, दुसऱ्या वेळी कायमची बंदी, वर्षभराने परतीचा अर्ज करता येईल. ८ सप्टेंबरला लिफ्टच्या आतली फीत बाहेर आली. त्याच दिवशी रेव्हन्सनी राइसला काढलं आणि लीगने बंदी बेमुदत केली. २८ नोव्हेंबरला लवाद म्हणून बसलेल्या माजी न्यायाधीश बार्बरा जोन्स यांनी ती बेमुदत बंदी उठवली. त्यांचं म्हणणं साधं होतं : राइसने लीगशी खोटं बोललेलं दिसत नाही, मग त्याच गुन्ह्याला दुसऱ्यांदा शिक्षा कशी? बंदी उठली, पण त्याला पुन्हा कुठल्याच संघाने घेतलं नाही.

कागद भरून झाला की उजवीकडे बोट ठेवून एकच गोष्ट विचारायची : दोनाचा आकडा बेमुदत झाला, त्या मधल्या काळात नवीन काय कळलं? मारलं हे जुलैत माहीत होतं. ती बेशुद्ध झाली हेही दिसलं होतं. नवीन होती ती फक्त फीत. म्हणजे आकडा गुन्ह्याने वाढला नाही, लोकांनी पाहिल्यामुळे वाढला. एनएफएलच्याच चीफ्स संघातल्या करीम हंटचं पुढे असंच झालं. प्रसंग २०१८ च्या फेब्रुवारीतला, फीत आली नोव्हेंबरअखेर, आणि चीफ्सनी त्याला काढलं ते फीत आल्याच्या दिवशी. तुमच्या बातमीत फीत असेल तर तिची तारीख लाल शाईने लिहा.

राइसच्याच प्रकरणात अजून दोन गोष्टी, माझ्या कामाशी जवळच्या.

दुभाषाला आधी शिकवतात की वाक्य कोणाच्या तोंडचं आहे ते सोडायचं नाही. २३ मेला नवराबायकोने एकत्र पत्रकार परिषद घेतली आणि रेव्हन्सच्या ट्विटर खात्यावरून ट्वीट आलं की त्या रात्री आपला जो वाटा होता त्याबद्दल जॅने राइस यांना मनापासून खेद आहे. मार खाल्ला तिने, आणि खेदही तिलाच. खातं क्लबचं. सप्टेंबरात ते ट्वीट पुसलं गेलं. दुसरी गोष्ट : जूनमध्ये गुडेल यांनी तिला विचारलं ते नवरा शेजारी बसलेला असताना. कोर्टात मला अशा बाईच्या शेजारी बसवतात तेव्हा तो हॉलच्या दुसऱ्या टोकाला असतो, आणि तरी ती उत्तर देण्याआधी तिकडे बघते. म्हणून ‘पीडितेने तक्रार नसल्याचे सांगितले’ असं कुठे वाचलंत तर बघा : कुठे सांगितलं, कोणाला, आणि खोलीत दुसरं कोण होतं.

‘पीडितेने सहकार्य केले नाही’ हेही असंच वाक्य. मेट्स या न्यूयॉर्कच्या बेसबॉल संघाकडून खेळलेल्या होझे रेयेसवरचा हवाईतला आरोप असाच पडला, बायको साक्षीला उभी राहिली नाही. बेसबॉलने तरी त्याला ५१ सामने दिले. माझ्यापुढे आलेल्या केसेसबद्दल मी बोलू शकत नाही आणि बोलणार नाही. पण एक वाक्य आहे, ते इतक्या जणींच्या तोंडून आणि इतक्या प्रकारे ऐकलंय की ते कोणा एकीचं राहिलेलं नाही : “ताई, केस नको, त्याला नुसती समज द्या. त्याची नोकरी गेली तर खायचं काय?” वेअरहाउसमध्ये काम करणाऱ्याच्या घरात हे आहे. जिथे एका सामन्याचे लाखो डॉलर आहेत तिथे काय असेल, ते तुम्हीच धरा. बंदी जितकी जबर, तितका तिच्यावर गप्प राहण्याचा दाब. बंदी नको असं मी म्हणत नाही. पण नुसता आकडा मोठा केला की बायकांचं भलं होतं, हे मला पटत नाही.

आता आकडा. हा भाग मुलांना शिकवण्यासारखा आहे, कारण फक्त अपूर्णांक लागतात. सामने नुसते मोजायचे नाहीत, मोसमाने भागायचे. २०१४ मध्ये एनएफएलचा मोसम १६ सामन्यांचा होता, म्हणजे राइसचे पहिले दोन सामने एक अष्टमांश. बेसबॉल १६२ सामन्यांचं, बास्केटबॉलची लीग एनबीए ८२ ची. एप्रिल २०२३ मध्ये एनबीएने माइल्स ब्रिजेसला ३० सामने दिले. त्याने कोर्टात ‘नो कॉन्टेस्ट’ म्हटलं होतं, म्हणजे गुन्हा कबूल नाही पण लढतही नाही, शिक्षा द्या. तीस छेद ब्याऐंशी, एक तृतीयांशाहून जास्त. ऐकायला बरं वाटतं. खालची ओळ वाचा : तो आधीचा मोसम खेळलाच नव्हता, त्यातले २० सामने भोगलेले धरले. उरले दहा. दहा छेद ब्याऐंशी काढा आणि राइसच्या एक अष्टमांशाशेजारी ठेवा. मध्ये नऊ वर्षं गेली होती.

‘बसवलं’ आणि ‘निलंबित केलं’ यांतही फरक करा. चौकशी चालू असताना खेळाडूला घरी बसवतात, तेव्हा पगार चालू असतो. बेसबॉलमध्ये ती सात दिवसांपर्यंतची रजा, एनएफएलमध्ये एक वेगळी यादी. निलंबनात पगार कापला जातो. बातमीचा मथळा दोन्हीला ‘बाहेर’ म्हणतो.

बेसबॉलची पद्धत मला त्यातल्या त्यात बरी वाटते. २०१५ च्या ऑगस्टमध्ये मालक आणि खेळाडूंची संघटना यांनी मिळून घरगुती हिंसा, लैंगिक अत्याचार आणि बालशोषण या तिन्हींसाठी एकच धोरण केलं. कोर्टात आरोप लागलेच पाहिजेत असं नाही. किमान किंवा कमाल आकडा ठरलेला नाही, कमिशनर ठरवतो, आणि खेळाडू लवादाकडे जाऊ शकतो. तिथे आकडा खालीही येतो : ट्रेव्हर बाउअर या खेळाडूचे ३२४ सामने लवादाने १९४ वर आणले. म्हणून पहिल्या दिवसाचा आकडा पेन्सिलीने लिहा.

त्या धोरणाखाली पहिली बंदी आली आमच्याच घरात. अरोल्डिस चॅपमन, बेसबॉलमधला गोलंदाज. फ्लोरिडात मैत्रिणीला ढकलल्याचा, गळा दाबल्याचा आरोप. गॅरेजमध्ये एकट्याने आठ गोळ्या झाडल्या होत्या. खटला भरला गेला नाही. ही बातमी फुटल्यावर डॉजर्स संघाशी ठरत आलेला सौदा बारगळला आणि न्यूयॉर्कच्या यांकीजनी त्याला घेतलं. मार्च २०१६ मध्ये ३० सामन्यांची बंदी लागली. मुलगा ओजस तेव्हा अकरा वर्षांचा, कट्टर यांकीज. मे महिन्यात चॅपमन परतला, ताशी शंभर मैलांनी चेंडू टाकायला लागला, स्टेडियम उभं राहिलं. मी ओजसला म्हटलं, याचा कागद मोसम संपल्यावर पुरा करू. जुलैत चॅपमन कब्ज संघाकडे गेला. नोव्हेंबरात वर्ल्ड सीरिज, म्हणजे बेसबॉलची अंतिम मालिका, जिंकला. डिसेंबरात यांकीजनी त्याच्याशी पाच वर्षांचा, ८ कोटी ६० लाख डॉलरचा करार केला. ओजसने ते उजव्या बाजूला लिहिलं आणि विचारलं, “आई, हे शिक्षेत धरायचं का?” मी त्याला दुसरी रेघ मारायला सांगितली. तिसरा रकाना, बाजार. तेव्हापासून आमच्या कागदाला तीन रकाने आहेत, आणि खरं सांगायचं तर तिसराच सगळ्यात भरवशाचा.

मुलांवरच्या हिंसेचं प्रकरण आलं की कागद सोपा आणि घर अवघड होतं. २०१४ च्या सप्टेंबरात एनएफएलच्या एड्रियन पीटरसनवर टेक्ससमध्ये आरोप लागले : चार वर्षांच्या मुलाला झाडाच्या फोकाने मारलं, मांड्यांवर वळ उठले, जखमा झाल्या. नोव्हेंबरात ‘नो कॉन्टेस्ट’, ४००० डॉलर दंड, ८० तास समाजसेवा. लीगने उरलेला मोसम बंदी घातली. यात मुख्य खाच तारखेची होती. मारलं तेव्हा जुना नियम होता, शिक्षा नव्या नियमाने झाली. फेब्रुवारी २०१५ मध्ये न्यायाधीश डॉटी यांनी बंदी उडवली, २०१६ मध्ये वरच्या कोर्टाने पुन्हा लीगची बाजू घेतली. तोवर तो २०१५ चा मोसम खेळून लीगमध्ये सर्वांत जास्त, १४८५ यार्ड धावून मोकळा झाला होता. तेव्हा प्रसंगाची तारीख आणि नियमाची तारीख शेजारी शेजारी लिहा, निम्मी भांडणं तिथेच असतात.

अवघड भाग मंडळाच्या दिवाळीत आला. जेवणाच्या रांगेत एक काका म्हणाले, “आम्हाला वडिलांनी पट्ट्याने मारलं, काय वाईट झालं आमचं?” तिघा-चौघांनी मान डोलावली. हातात ताटं, पुढे श्रीखंडाचं पातेलं, मागे मुलं ऐकत उभी. मी वाद घातला नाही, एवढंच म्हटलं की पीटरसनचं हे कोणा शत्रूने शोधून काढलेलं नाही, आईने मुलाला डॉक्टरकडे नेलं आणि डॉक्टरने कळवलं. आणि न्यू जर्सीत हे कळवणं फक्त डॉक्टर-शिक्षकांचं काम नाही. मुलाला मारझोड होतेय असं वाटायला रास्त कारण असेल तर कळवायचं बंधन प्रत्येकावर आहे, काकांवरही. नंबर १-८७७-६५२-२८७३. भारतात असाल तर १०९८. बायकांसाठी अमेरिकेत १-८००-७९९-७२३३, भारतात १८१. हे नंबर कागदाच्या मागे लिहा. काका त्यानंतर माझ्याशी वर्षभर तुटकच बोलले.

आपल्याकडे कागद चालतो का, हे पुण्याच्या दिराने विचारलं होतं, २०१८ च्या मार्चमध्ये. मोहम्मद शमीवर पत्नीने मारहाणीचे आणि इतरही आरोप केले होते, कोलकाता पोलिसांत गुन्हा नोंदला गेला होता, शमीने सगळं नाकारलं होतं. बीसीसीआयने वार्षिक करार रोखला. दोन आठवड्यांनी, २२ मार्चला, करार दिलाही, ब श्रेणीचा, तीन कोटींचा. दिराचा फोन : “वहिनी, सुटला ना?” मी म्हटलं, चौकशी कोणी केली बघ. भ्रष्टाचारविरोधी विभागाने. कशाची केली? पत्नीच्या आरोपांत पैशाच्या व्यवहाराचा जो भाग होता त्याची. घरात काय झालं किंवा झालं नाही, हे त्या अहवालाचं कामच नव्हतं. उजव्या रकान्यात ‘पैसे : स्वच्छ’ असं लिही.

“आणि डावीकडे?”

डावीकडे कोलकाता लिही, म्हटलं, आणि पुढे जागा सोड.