चॅट भलत्याच पानावर उघडतोय? यूआरएलमध्ये स्टार लावताना या चुका टाळा

समजा, पुस्तकांचं ऑनलाइन दुकान आहे आणि कार्टवर अडलेल्या गिऱ्हाइकाला चॅटमधून 'पेमेंटला अडचण येतेय का?' असं विचारायचंय. चॅटच्या टूलमध्ये 'कोणत्या पत्त्याच्या (यूआरएलच्या) पानावर चॅट उघडायचा' असा नियम द्यावा लागतो. बहुतेक जण त्यात */कार्ट* लिहून मोकळे होतात. मग /कार्टून-पुस्तके हे पान चाळणाऱ्यालाही पेमेंटचीच विचारणा होते. स्टार (*) म्हणजे 'इथे काहीही चालेल', आणि त्या काहीहीत 'ऊन'ही आलं! चॅट उघडलाच नाही तर ऑफिसात कोणीतरी ओरडतं. नको तिथे उघडला तर गिऱ्हाईक फुलीवर क्लिक करून निघून जातं, म्हणून ही चूक कोणाच्या लक्षातच येत नाही.

त्याऐवजी */कार्ट, */कार्ट/* आणि */कार्ट?* असे तीन नियम द्या. पण आधी टूलची मदत-पानं वाचा. काही ठिकाणी प्रश्नचिन्ह म्हणजे 'कोणतंही एक अक्षर'. तिथे तिसरा नियम फसतो, शेवटी स्टार असल्यामुळे कार्टून पुन्हा आत शिरतं. अशा वेळी */कार्टून* वगळण्याच्या यादीत टाकणं सोपं.

उलटी चूक जास्त महागात पडते: शेवटचा स्टार विसरणं. जाहिरातीवरून येणाऱ्या पत्त्याला प्रश्नचिन्हानंतर यूटीएम, जीक्लिड, एफबीक्लिड असं, क्लिक कुठल्या जाहिरातीवरून आला हे सांगणारं शेपूट असतं. तुम्ही साधा पत्ता टाकून तपासता, चॅट उघडतो. ज्यांच्या क्लिकचे पैसे मोजलेत त्यांना मात्र तो दिसतच नाही.

मराठी पत्ते असलेल्या साइटवर आणखी एक गोम आहे. ॲड्रेस बारमध्ये 'का' दिसतं, पण टूलच्या स्क्रिप्टच्या (पानावर चालणाऱ्या कोडच्या) हाती त्याचं %E0 अशा धर्तीचं सांकेतिक रूप, एकूण १८ चिन्हं, पडतं. टूल ते उलगडत नसेल तर देवनागरीत लिहिलेला नियम कधीच जुळणार नाही. हाताने टाइप करू नका, पत्ता बारमधून कॉपी करा. बहुतेक ब्राउझर सांकेतिक रूपच कॉपी करतात.

'रेजेक्स' (मजकुराचा नमुना लिहिण्याची वेगळी पद्धत) हा पर्याय निवडला असेल तर स्टारचा अर्थच बदलतो: आधीचं अक्षर शून्य किंवा कितीही वेळा. तिथे 'काहीही'साठी .* लिहावं लागतं.

नियम बरोबर असूनही चॅट येत नाही? पान रीलोड करून बघा. रीलोडनंतर आला, तर साइट पान न बदलता फक्त पत्ता बदलतेय आणि टूलला ते कळत नाहीये. हे काम डेव्हलपरचं. तपासणी दरवेळी नव्या इन्कॉग्निटो विंडोत करा, नाहीतर 'एकदाच दाखवा' ही सेटिंग तुम्हालाच चकवेल.