गोव्यात भाड्याची स्कूटर, अडकलेलं डिपॉझिट : पैसे परत कसे मिळवावेत?

कळंगुटला तीन दिवस स्कूटर फिरवून परत द्यायला गेलो, तर मालकाने पुढच्या मडगार्डवर बोट ठेवलं. "हा ओरखडा तुमचा. अडीच हजार कापणार." ताजा ओरखडा पांढरट दिसतो, या ओरखड्यात मळ बसून तो काळा पडला होता. पण गाडी घेतानाचा फोटो माझ्याकडे नव्हता आणि मडगावहून संध्याकाळची ट्रेन गाठायची होती. पैसे सोडून निघालो. असं कुणाचंही होऊ नये, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

गाडी घेताना

आधी नंबरप्लेट बघा. भाड्याने द्यायच्या स्कूटरची पाटी काळी आणि अक्षरं पिवळी असतात. पांढऱ्या पाटीची खासगी गाडी भाड्याने देणं बेकायदा आहे. ती स्वस्त मिळाली तरी नको, कारण रस्त्यात पोलिसांनी अडवलं की अडकता तुम्हीच.

मग गाडीभोवती सावकाश फिरून व्हिडिओ काढा. मडगार्ड, दोन्ही आरसे, सायलेन्सर, पाय ठेवतो तिथला खालचा भाग, चालू मीटर आणि पेट्रोलचा काटा, सगळं त्यात यायला हवं. व्हिडिओ नुसता फोनमध्ये ठेवू नका. तिथेच उभं राहून मालकाला व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, म्हणजे तारीख-वेळेसकट त्याच्याकडेही राहील. हे एवढं केलं तर निम्मे वाद उभेच राहत नाहीत.

डिपॉझिट यूपीआयने द्या आणि 'स्कूटरची अनामत' असा शेरा टाका. पावती मागाच, पावती न देणं ही ग्राहक कायद्यानुसार अनुचित व्यापार प्रथा आहे. दुकानाच्या पाटीचा फोटो घ्या. मूळ आधार कार्ड किंवा लायसन्स ठेवून घेऊ देऊ नका, झेरॉक्स द्या.

वाद झालाच तर

आवाज चढवू नका. पाठवलेला व्हिडिओ दाखवा. नुकसान खरंच तुमच्याकडून झालं असेल तर मोकळेपणाने मान्य करा, पण पैसे दुरुस्तीच्या बिलाप्रमाणेच द्या. झालेल्या नुकसानीच्या मानाने अवाच्या सवा दंड लावणारा करार कायद्याने अन्याय्य धरला आहे, हे शांतपणे सांगा. कागदपत्रं अडवली किंवा धमकी दिली, तर ११२ लावा. पर्यटकांसाठी १३६३ ही हेल्पलाइनही आहे.

गाडी सुटायची वेळ झाली असेल, तर भांडत बसू नका. मालकाला मेसेज करा : "ही कपात मला मान्य नाही, नाइलाजाने निघतो आहे." पुढे ही एक ओळ फार उपयोगी पडते.

घरी आल्यावर

बरेच जण इथेच सोडून देतात, कारण 'आता गोव्याला कोण खेटे घालणार?' खेटे घालावे लागत नाहीत. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तक्रारदाराला तो राहतो किंवा नोकरी करतो तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात, म्हणजे ग्राहकांच्या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या मंचाकडे, तक्रार करायची मुभा दिली. १९८६ च्या जुन्या कायद्यात ही सोय नव्हती. म्हणजे व्यवहार कळंगुटचा असला तरी सांगलीकराची तक्रार सांगलीत दाखल होते.

सुरुवात १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर करा. ती समोरच्याशी बोलून तडजोड घडवू पाहते, आदेश काढू शकत नाही. अ‍ॅपवरून बुकिंग केलं असेल तर तिचा उपयोग जास्त. एकट्या-दुकट्या दुकानदारासाठी मी सरळ नोटीस पाठवा म्हणेन. साध्या मराठीत किंवा इंग्रजीत एक पान पुरतं : काय घडलं, किती पैसे अडकले, पंधरा दिवसांत परत करा, नाहीतर आयोगात जाईन. स्पीड पोस्टने पाठवा आणि पोच जपून ठेवा.

उत्तर आलं नाही तर ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या ऑनलाइन पोर्टलवर तक्रार दाखल करा. व्यवहार पाच लाखांपर्यंतचा असेल तर फी नाही. वकील सक्तीचा नाही. सुनावणी व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने व्हावी अशी विनंतीही करता येते. मुदत मात्र घटनेपासून दोन वर्षांची.

माझ्या पावतीवर नुसता मोबाइल नंबर होता. नोटिशीसाठी दुकानाचा पत्ता शोधण्यातच आठवडा गेला. नोटीस पोहोचल्यावर मालकाचा फोन आला. हातात पुरावा नसल्याने साडेबाराशेवर तडजोड केली. तुमच्याकडे व्हिडिओ असेल, तर निम्म्यावर राजी होऊ नका.