अवतरणचिन्हांचा अतिरेक: या चुका टाळा

शब्दावर जोर द्यायचा म्हणून तो अवतरणचिन्हांत घालण्याची सवय मराठी लेखनात फार पसरली आहे, आणि तिचा परिणाम बहुतेक वेळा लिहिणाऱ्याच्या हेतूच्या उलट होतो. “आमच्याकडे ‘ताजे’ दूध मिळेल” ही पाटी वाचून दुधाची खात्री पटत नाही; ते नावापुरतेच ताजे असावे अशी शंका येते. “शेजाऱ्यांनी आम्हाला ‘मदत’ केली” असे मनापासून लिहिले, तरी वाचणाऱ्याला त्यात टोमणा दिसतो. जोर देण्यासाठी एकेरी अवतरणचिन्ह वापरावे असे आपण शाळेत शिकलो, हे खरे. परंतु “‘पाणी’ हे नपुंसकलिंगी नाम आहे” अशा वाक्यात, म्हणजे शब्दाविषयीच बोलणे चालू असताना, ते खरे शोभते.

एरवी जोर देण्याचे काम मराठीत ‘च’ आणि शब्दांचा क्रम किती सहज करतात! “सभेला ‘सर्वांनी’ यावे!!!” यापेक्षा “सभेला सर्वांनीच यावे” हे अधिक ठाम वाटते. एका उद्गारचिन्हाने जे साधत नाही, ते तिनांनीही साधत नाही.

संवाद लिहिताना “तो म्हणाला की, ‘मी येतो’” अशी सरमिसळ होते. ‘की’ येणार असेल तर अवतरणचिन्हे नकोत, आणि ती हवी असतील तर ‘म्हणाला’नंतर स्वल्पविराम पुरेसा आहे. “मी येतो असे तो म्हणाला” ही तर आपली जुनी, चिन्हांवाचून चालणारी रचना आहे.

नियतकालिकाच्या नावाला मात्र अवतरणचिन्ह अवश्य द्यावे, कारण त्यामुळे मूळ नाव शाबूत राहते: ‘मराठा’त लेख आला, ‘मराठ्या’त नव्हे. प्रत्यय चिन्हाला जोडूनच लिहावा.

विसर्गाच्या जागी अपूर्णविराम टंकणे ही न दिसणारी चूक आहे. ‘दु:ख’ आणि ‘दुःख’ डोळ्यांना सारखे दिसले, तरी संगणकाच्या लेखी ती चिन्हे वेगळी असल्यामुळे शोध घेताना एक सापडते आणि दुसरे निसटते. जुना मजकूर दुरुस्त करताना असे शब्द एकेक करून बदलावेत. सगळे अपूर्णविराम सरसकट बदलले, तर ‘पुढीलप्रमाणे:’ यालाही विसर्ग लागेल.