क्वाशिंगला जाण्याआधी एफआयआर कशी वाचायची

मी साताऱ्यात वकिली करतो. दर आठवड्याला कुणीतरी प्लॅस्टिकच्या पिशवीत कागद घेऊन येतं. "साहेब, केस खोटी आहे, हायकोर्टातून रद्द करून टाका." पिशवीत निम्मे व्हॉट्सअ‍ॅपचे प्रिंटआउट. ते मी बाजूला सारतो. आधी एफआयआर.

एफआयआर रद्द करणं म्हणजेच क्वाशिंग. हा अंगभूत अधिकार उच्च न्यायालयाचा, सेशन्स कोर्टाला तो नाही. पूर्वी सीआरपीसीचं (फौजदारी प्रक्रिया संहिता) कलम 482 होतं, 1 जुलै 2024 पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 528. आम्हा सातारकरांना ऑगस्ट 2025 पासून मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापूरचं सर्किट बेंच जवळ पडतं.

पेन्सिल घ्या आणि फिर्यादीतला शब्दन् शब्द खरा आहे असं धरून वाचा. इथेच पक्षकार भडकतो, पण कोर्टही असंच वाचतं. सगळं खरं मानूनही गुन्हा बनत नसेल, तर अर्जात दम आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या भजनलाल निकालात रद्द करण्याजोग्या प्रकरणांचे सात प्रकार सांगितलेत, त्यातला मला सगळ्यात कामाला येतो तो हा. "त्या दिवशी मी गावातच नव्हतो" हा मुद्दा ट्रायलचा, एरवी कितीही खरा असो.

मग प्रत्येक आरोपीसाठी वेगळी ओळ आखा: कधी, कुठे, काय केलं. माझ्याकडच्या एका 498अ च्या (विवाहितेच्या छळाच्या) केसमध्ये नवरा, सासू आणि लग्न होऊन नऊ वर्षं पुण्यात राहणारी नणंद आरोपी होती. नवऱ्याच्या ओळीत तारखा, मारहाण, मागितलेली रक्कम. नणंदेच्या ओळीत एकच वाक्य: "नणंद हिनेदेखील वरील लोकांना साथ दिली." बस्स. अर्ज फक्त नणंदेचा टाकला, नवऱ्याला ट्रायल लढ म्हटलं. सगळ्यांना एकाच अर्जात कोंबलं असतं, तर तिचा मुद्दा पातळ झाला असता.

समझोता झाला असेल तर वाट वेगळी. मूळ फिर्यादीला प्रतिवादी करा, तिचं संमतीचं शपथपत्र जोडा, आणि तारखेला ओळखपत्रासह स्वतः हजर राहायला सांगा. संमती मनापासून आहे का, हे कोर्ट विचारतं. सर्वोच्च न्यायालयाच्या 2012 च्या ग्यानसिंग निकालानंतर हे रुळलंय, पण खून, बलात्कार, दरोडा यांत तडजोड दाखवायला जाऊ नका.

कागद: एफआयआरची प्रत, वकीलपत्र, अस्पष्ट हस्ताक्षर असेल तर टाइप केलेली प्रत. मध्येच चार्जशीट आली म्हणून अर्ज मरत नाही. ती जबाबांसकट जोडा आणि प्रेअर, म्हणजे अर्जातली मागणी, दुरुस्त करून घ्या, हे मात्र विसरतात लोक.

अर्ज दाखल झाला म्हणजे अटक टळली, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तपास चालू असताना "कठोर कारवाई नको" असे सरसकट आदेश देऊ नयेत, असं सर्वोच्च न्यायालयाने 2021 मध्ये निहारिका प्रकरणात बजावलंय. अटकेची भीती असेल तर अटकपूर्व जामिनाचा अर्ज वेगळा, तो सेशन्सला, आणि बहुतेक वेळा क्वाशिंगच्या आधी.