हॉटेलचा विमा काढताना या चुका टाळा

मराठीत ‘हॉटेल’ हा शब्द फार सैल आहे. सकाळी मिसळ खायला जातो तेही हॉटेल, त्र्यंबकेश्वरच्या दर्शनाला आलेले पाहुणे मुक्कामाला उतरतात तेही हॉटेल, आणि मागे लॉन असलेले, लग्नसराईत रोज मंडप पडणारे ठिकाणही हॉटेलच. बोलण्यात त्याने काही अडत नाही. विम्याच्या प्रपोजल फॉर्ममध्ये, म्हणजे विमा मागण्याच्या अर्जात, मात्र अडते. नाशिकमधील हॉटेलांचे विम्याचे कागद हाताळताना मला पुन्हा पुन्हा एकच गोष्ट दिसत आली आहे: पॉलिसीत वर्णन केलेले हॉटेल वेगळे असते आणि रस्त्यावर उभे असलेले हॉटेल वेगळे. हप्ता वेळेवर भरलेला असतो, पॉलिसी फाइलला लावलेली असते, पण त्या पॉलिसीने विमा उतरवला आहे तो दुसऱ्याच कोणत्या तरी वास्तूचा. क्लेममधील बहुतेक भांडणे या एका फरकातून उगवतात.

पहिली चूक: फॉर्म दुसऱ्याने भरणे

फॉर्म एजंट भरतो किंवा कर्ज देणारी बँक भरते, आणि मालक फुलीच्या खुणेपाशी सही करतो. त्यात व्यवसायाच्या रकान्यात नुसते ‘रेस्टॉरंट’ लिहिलेले असते आणि वरच्या दोन मजल्यांवर बारा खोल्यांचे लॉजिंग चालू असते. गच्चीवर पत्र्याची शेड टाकून बसण्याची सोय केलेली असते, तिचा उल्लेख नसतो. जनरेटर कोठे आहे, स्वयंपाकघर तळघरात आहे का, बार आहे का, याविषयी एक ओळही नसते. विमा हा करार परस्परविश्वासावर चालतो, म्हणजे जोखमीवर परिणाम करणारी प्रत्येक बाब विमा घेणाऱ्याने आपण होऊन सांगायची असते. ‘त्यांनी विचारलेच नाही’ हे उत्तर नंतर फारसे उपयोगी पडत नाही.

यावर उपाय सोपा आहे, पण एक दुपार द्यावी लागते. फॉर्म हातात घेऊन तळघरापासून गच्चीपर्यंत फिरावे आणि जे दिसेल ते लिहावे. वर्षाच्या मध्ये काही वाढवले, खोल्या पाडून हॉल केला, स्वयंपाकघर हलवले, तर विमा कंपनीला लेखी कळवून एंडॉर्समेंट (पॉलिसीतील लेखी दुरुस्ती) करून घ्यावे. 2027 च्या सिंहस्थासाठी शहरात खोल्या वाढवण्याचे आणि नूतनीकरणाचे काम काढणाऱ्यांनी तर हे विशेष ध्यानात ठेवावे. बांधकाम चालू असलेला मजला जुन्या पॉलिसीत आपोआप येत नाही. त्यासाठी कंत्राटदाराच्या सर्व जोखमींची वेगळी पॉलिसी असते, आणि मजला पूर्ण झाल्यावर त्याची किंमत मूळ विमा रकमेत मिळवावी लागते.

दुसरी चूक: रक्कम अंदाजाने, नाही तर कर्जाच्या आकड्याने टाकणे

सर्वांत जास्त पैसे येथे बुडतात, म्हणून येथे थोडे थांबू. बँकेने 1 कोटी 80 लाखांचे कर्ज दिले, म्हणून विमाही तेवढ्याचाच घेतला, असे सर्रास होते. बँकेला तिच्या कर्जापुरती सुरक्षितता हवी असते. तुमचे हॉटेल पुन्हा उभे करायला किती लागेल हा तिचा प्रश्न नसतो. समजा, जमिनीची किंमत वगळून इमारत, फर्निचर, एसी, लिफ्ट आणि स्वयंपाकघर आज नव्याने उभे करायला 3 कोटी लागतील. विमा 1 कोटी 80 लाखांचा, म्हणजे 60 टक्के. आता आगीत 25 लाखांचे नुकसान झाले, तर मालकाला वाटते की 25 लाख हे 1 कोटी 80 लाखांच्या खूप आत आहेत, तेव्हा ते पूर्ण मिळतील. तसे होत नाही. विमा 60 टक्के म्हणून भरपाईही 60 टक्के, म्हणजे 15 लाख. उरलेले 10 लाख स्वतःच्या खिशातून. विमा कंपनीने येथे कोणतीही लबाडी केलेली नसते. उरलेल्या 40 टक्के जोखमीचा विमा तुम्ही स्वतःच घेतला होता, असे हे गणित मानते.

1 एप्रिल 2021 पासून लहान व्यवसायांसाठी ठरावीक मसुद्याच्या पॉलिसी लागू झाल्या आहेत. एका ठिकाणच्या मालमत्तेचे एकूण मूल्य 5 कोटींपर्यंत असेल तर ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’, आणि 5 कोटींहून अधिक ते 50 कोटींपर्यंत ‘भारत लघु उद्यम सुरक्षा’. या पॉलिसींमध्ये विमा 15 टक्क्यांपर्यंत कमी पडला तर ती तूट धरली जात नाही. पण ही सवलत चुकून झालेल्या फरकासाठी आहे, आणि वरच्या उदाहरणातील 40 टक्क्यांची तूट तिच्यात कोठेच बसत नाही.

रक्कम ठरवताना जीएसटीकडे दुर्लक्ष होते, हे मला नेहमीच नवलाचे वाटते, कारण त्याच मालकाला बिलावरचा जीएसटी तोंडपाठ असतो. 5 टक्के दराने कर आकारणाऱ्या रेस्टॉरंटला इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) मिळत नाही, आणि 22 सप्टेंबर 2025 पासून रोजचे भाडे 7,500 रुपयांपर्यंत असलेल्या खोल्यांनाही हाच नियम लागू झाला आहे. ज्याला क्रेडिट मिळत नाही त्याच्यासाठी नव्या फ्रिजवर भरलेला जीएसटी हा खर्चच असतो. तेव्हा विमा रकमेत तो धरलेला असावा, नाहीतर तूट तेथूनच सुरू होते. भाड्याच्या जागेत हॉटेल असेल तर आणखी एक गोष्ट: इमारत घरमालकाची असली तरी फॉल्स सीलिंग, लाकूडकाम आणि फरशी तुमची असते. त्यांचा वेगळा उल्लेख नसेल तर ती ना घरमालकाच्या पॉलिसीत येतात, ना तुमच्या.

तिसरी चूक: ‘आगीचा विमा आहे, त्यात सगळे आले’

आगीच्या पॉलिसीत पूर, वादळ, दंगल आणि इतर काही धोके येतात. जे येत नाही ते मात्र हॉटेलच्या रोजच्या व्यवहारातले असते. शॉर्टसर्किटने पेट घेऊन आजूबाजूचे जळाले तर त्याची भरपाई मिळते. ज्या मोटरमध्ये वा पॅनेलमध्ये शॉर्टसर्किट झाले ते यंत्र स्वतः मात्र वगळलेले असते. त्यासाठी यंत्रबिघाडाची पॉलिसी लागते. वीज गेल्यामुळे डीप फ्रीजरमधील मासळी आणि मटण खराब झाले, तर त्यासाठी वेगळे संरक्षण लागते. गच्चीतून वर्षानुवर्षे झिरपणारे पाणी हा पूर नव्हे.

चोरीबाबत तर शब्दावरच सगळे अवलंबून असते. घरफोडीच्या पॉलिसीत सामान्यतः जबरदस्तीने प्रवेश झाल्याची खूण लागते, आणि सर्वोच्च न्यायालयाने 2004 मध्ये हाच अर्थ उचलून धरला आहे. उघड्या दाराने शिरून गल्ल्यातील रक्कम नेली तर ती त्या पॉलिसीत बसत नाही. काउंटरवरच्या आणि बँकेत नेल्या जाणाऱ्या रोकडीचा विमा वेगळा असतो, आणि आपल्याच कॅशियरने केलेल्या अपहाराचा आणखी वेगळा.

चौथी चूक: पाहुण्यांच्या आणि नोकरांच्या बाजूने विचार न करणे

स्वतःच्या भिंतींचा विमा सर्वांना सुचतो. लग्नाच्या जेवणातून पन्नास जणांना विषबाधा झाली, जलतरण तलावात मूल बुडाले, लिफ्ट मध्येच अडकून कोणी जखमी झाले, तर येणारे दावे मालमत्तेच्या पॉलिसीतून भागत नाहीत. त्यासाठी सार्वजनिक दायित्वाची पॉलिसी लागते. ती घेतल्यावर अन्नपदार्थ, तलाव आणि पाहुण्यांचे सामान तिच्यात आहे का, हे वेगळे पाहावे, कारण हे भाग पुष्कळदा जादा हप्ता भरूनच मिळतात. ‘गाडी मालकाच्या जबाबदारीवर’ अशी पाटी लावून सुटका होते, हा समजही सोडावा. हॉटेलच्या माणसाने किल्ली घेऊन लावलेली गाडी हॉटेलच्या हलगर्जीपणामुळे चोरीला गेली, तर अशा पाटीमागे हॉटेलला लपता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2019 मध्ये दिल्लीतील एका प्रकरणात दिला.

नोकरांना कामावर इजा झाल्यास भरपाई देणाऱ्या पॉलिसीत पगारपत्रकावरचे दहा जण असतात आणि लग्नाच्या दिवशी वाढायला बाहेरून आलेली पंधरा मुले नसतात. गरम तेल नेमके त्यांच्यातल्याच कोणाच्या तरी अंगावर सांडते. रोजंदारीवरील आणि ठेकेदाराच्या माणसांची वर्षाची मजुरी अंदाजाने का होईना, पण जाहीर करावी.

पाचवी चूक: परवाने आणि पॉलिसी या वेगळ्या फाइली समजणे

सर्व्हेअर, म्हणजे क्लेमनंतर नुकसान तपासणारा, येतो तेव्हा परवान्यांचीही फाइल मागतो. महाराष्ट्राच्या 2006 च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे ‘फॉर्म बी’ प्रमाणपत्र मान्यताप्राप्त एजन्सीकडून दरवर्षी जानेवारीत आणि जुलैत द्यायचे असते. पुष्कळ ठिकाणी ते फक्त सुरुवातीला एकदा काढलेले सापडते. गॅसचे म्हणाल, तर परवान्याशिवाय 100 किलोपर्यंतच साठा करता येतो. 19 किलोचे पाच सिलिंडर म्हणजे 95 किलो. सहावा सिलिंडर मागच्या दाराशी उभा केला की ही मर्यादा ओलांडली, आणि मिसळीच्या कोणत्याही चालत्या हॉटेलात रविवारी सहावा सिलिंडर असतोच. एक्झॉस्टच्या डक्टमधील तुपट थर कधी साफ केला, त्याची पावती ठेवावी. स्वयंपाकघरातील आग शेगडीपाशी लागली तरी डक्टमधूनच वरच्या मजल्यावर पोहोचते.

सहावी चूक: बंद राहण्याचा हिशेब न करणे

आग विझते, पण हॉटेल चार महिने बंद राहते. पगार, भाडे आणि कर्जाचे हप्ते चालूच राहतात. नफ्याच्या हानीची पॉलिसी यासाठी असते. तिच्या दोन अटी विसरू नयेत. बंद पडण्याचे कारण विम्यात येणारे प्रत्यक्ष नुकसान असावे लागते, म्हणूनच कोविडच्या टाळेबंदीत केवळ आदेशामुळे बंद राहिलेल्या हॉटेलांना सर्वसाधारण पॉलिसीतून काही मिळाले नाही. दुसरी अट म्हणजे उत्पन्न वह्यांत दिसले पाहिजे. जे कर वाचवण्यासाठी वहीबाहेर ठेवले, ते क्लेमच्या वेळी वहीत आणता येत नाही. सिंहस्थाच्या वर्षी उलाढाल वाढणार असेल तर मागच्या वर्षाच्या आकड्यावर काढलेली रक्कम अपुरी पडेल, हेही आताच पाहावे.

सातवी चूक: सर्व्हेअर येण्याआधी झाडलोट

गोदावरीला पूर आला की नाशिककर नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहून पाण्याची उंची ठरवतात. पाणी मूर्तीच्या कमरेला लागले, छातीला लागले, अशी शहरभर बोली चालते. सर्व्हेअरला मात्र ही उंची तुमच्या भिंतीवर दिसावी लागते. पंचवटीतील एका हॉटेलात पुराचे पाणी रात्री तळमजल्याच्या स्वयंपाकघरात शिरले. पहाटे पाणी उतरताच मालकाने माणसे लावून गाळ काढला, टँकर मागवून फरशी धुतली, भिजलेले गहू आणि तांदूळ कचरागाडीत टाकले आणि भिंतीवरचा चिखलाचा पट्टाही पुसून घेतला. दुपारी सर्व्हेअर आले, उंबऱ्याशी उभे राहून त्यांनी आत पाहिले आणि म्हणाले, “मालक, तुमचं किचन तर माझ्या घरापेक्षा स्वच्छ आहे. नुकसान कुठंय?” फोटो नव्हते. साठ्याची वही होती, तीही खालच्याच कपाटात भिजलेली. इमानदार माणूस होता. स्वच्छतेच्या सवयीने त्याचा घात केला.

तेव्हा आधी विमा कंपनीला फोन आणि लगेच ईमेल. मग पाण्याच्या खुणेपाशी फूटपट्टी धरून फोटो आणि व्हिडिओ. आगीत अग्निशमन दलाचा अहवाल, चोरीत पोलिसांत फिर्याद. नुकसान वाढू नये म्हणून जे तातडीचे आहे तेवढे करावे, खराब माल बाजूला ठेवावा, सर्व्हेअरच्या लेखी संमतीशिवाय टाकू वा विकू नये. साठ्याची आणि यंत्रांच्या बिलांची प्रत हॉटेलबाहेर, मोबाइलवर तरी, असावी.

क्लेम नाकारला वा कापला तर कारण लेखी मागावे. रक्कम मान्य नसेल तर अखेरच्या पावतीवर ‘पूर्ण समाधानाने’ अशी सही करू नये. कंपनीकडे लेखी तक्रार करून 30 दिवसांत उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर एका वर्षाच्या आत विमा लोकपालाकडे जाता येते. नाशिकसाठी हे कार्यालय पुण्यात आहे, फी नाही आणि वकीलही लागत नाही. 50 लाखांपर्यंतची भरपाई तेथून मिळू शकते, पण व्यवसायांपैकी हे दार एकल मालकीच्या आणि सूक्ष्म उद्योगांनाच खुले आहे. भागीदारीतील हॉटेल लहान उद्योगांच्या सरकारी ‘उद्यम’ नोंदणीत सूक्ष्म म्हणून दाखल आहे का, हे त्यासाठी फॉर्म भरण्याच्या त्याच दुपारी पाहून ठेवावे.