जुन्या संगणकावर विंडोज ११ कसे बसवावे

विंडोज १० साठी मिळणारा नियमित मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि सात-आठ वर्षांपूर्वी घेतलेले, आजही व्यवस्थित चालणारे असंख्य संगणक अचानक ‘कालबाह्य’ ठरले. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप, सिक्युअर बूट (संगणक सुरू होताना फक्त विश्वासार्ह प्रणालीच चालू देणारी सोय), किमान ४ जीबी रॅम आणि साधारणपणे इंटेलच्या आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर अशा अटी घातल्या आहेत. यांपैकी बऱ्याच अटी वगळून ही प्रणाली बसवता येते. मात्र अशा संगणकांना अपडेट मिळत राहतील याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, हे आधीच समजून घेऊन पुढे जावे.

सर्वप्रथम आपला संगणक खरोखरच अपात्र आहे का, हे तपासावे. पुष्कळदा टीपीएमची सोय प्रोसेसरमध्येच असते, फक्त ती बंद ठेवलेली असते. विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून ‘टीपीएम डॉट एमएससी’ (tpm.msc) ही आज्ञा इंग्रजीत द्यावी. टीपीएम सापडले नाही, तर संगणक सुरू होताना बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या मूळ सेटिंग्जमध्ये, जाऊन इंटेलच्या संगणकावर ‘पीटीटी’ आणि एएमडीच्या संगणकावर ‘एफटीपीएम’ हा पर्याय शोधून चालू करावा. आठव्या किंवा त्यापुढच्या पिढीच्या संगणकावर एवढ्यानेच अडचण सुटण्याची चांगली शक्यता असते, आणि मग पुढची खटपट करावीच लागत नाही.

एक अट मात्र कोणत्याही युक्तीने टळत नाही. २४एच२ या आवृत्तीपासून विंडोज ११ ला प्रोसेसरमध्ये एसएसई ४.२ आणि पॉपकाउंट या सूचनांची (प्रोसेसरला थेट समजणाऱ्या आज्ञांची) सोय असावीच लागते. ती नसेल, तर प्रणाली सुरूच होत नाही. इंटेलच्या पहिल्या पिढीच्या कोअर आय५, आय७ पासून पुढे ही सोय आहे, पण कोअर टू ड्युओमध्ये नाही. त्यामुळे कोअर टू ड्युओवर वेळ घालवू नये. तेथे लिनक्स या मोफत प्रणालीचा एखादा हलका प्रकार बसवणेच शहाणपणाचे आहे. तसेच संगणकात अजून जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर आधी एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवून घ्यावी, कारण तिच्याशिवाय विंडोज ११ इतके संथ चालते की केलेल्या कष्टांचा उपयोग होत नाही.

त्यानंतर बॅकअप घ्यावा. कागदपत्रे आणि छायाचित्रे बाहेरच्या डिस्कवर उतरवणे हे सर्वांना सुचते, पण मराठीत काम करणाऱ्यांनी फॉन्टकडेही लक्ष द्यावे. युनिकोडपूर्व काळातील डीव्हीबी-टीटी सुरेख, कृतिदेव यांसारख्या फॉन्टमध्ये टंकलेले लेख किंवा पत्रव्यवहार आपल्याकडे असेल आणि नव्या प्रणालीत ते फॉन्ट नसतील, तर तो सारा मजकूर निरर्थक चिन्हांसारखा दिसतो. म्हणून त्या फॉन्टच्या फाइली वेगळ्या जपून ठेवाव्यात. डिस्कवर बिटलॉकर हे विंडोजचे कुलूप चालू असल्यास ते उघडणारा सांकेतिक क्रमांक, म्हणजे रिकव्हरी की, कागदावर लिहून घ्यावी.

आता मायक्रोसॉफ्टच्या संकेतस्थळावरून विंडोज ११ ची आयएसओ फाइल (संपूर्ण प्रणाली असलेली एकच मोठी फाइल) उतरवावी, आणि तिच्यापासून स्थापनेचा पेनड्राइव्ह बनवणाऱ्या रूफस या मोफत साधनाची नवी आवृत्ती त्याच्या मूळ संकेतस्थळावरूनच घ्यावी. ८ जीबी किंवा त्याहून मोठा पेनड्राइव्ह जोडावा. त्यावरील सर्व माहिती पुसली जाईल. रूफसमध्ये आयएसओ निवडून ‘स्टार्ट’ दाबल्यावर एक छोटी चौकट उघडते. तिच्यात ४ जीबी रॅम, सिक्युअर बूट आणि टीपीएम यांच्या अटी काढून टाकण्याचा पर्याय असतो. त्यावर खूण करावी.

पेनड्राइव्ह तयार झाल्यावर चालू विंडोज १० मध्येच तो उघडून ‘सेटअप’ चालवावे आणि फाइली व प्रोग्राम कायम ठेवण्याचा पर्याय निवडावा. विंडोज १० ची ३२-बिट आवृत्ती असेल, तर हा मार्ग बंद आहे, कारण विंडोज ११ फक्त ६४-बिट आहे; तेव्हा प्रोसेसर ६४-बिट असल्याची खात्री करून पेनड्राइव्हवरून संगणक सुरू करून कोरी स्थापना (जुने प्रोग्राम न ठेवता नव्याने केलेली) करावी लागते. लॅपटॉपचा चार्जर संपूर्ण वेळ जोडलेला असावा आणि संगणक मध्येच अनेकदा पुन्हा सुरू झाला तरी तो बंद करू नये.

स्थापनेनंतर वाय-फाय, आवाज, प्रिंटर आणि वेबकॅम लगेच वापरून पाहावेत. एखादे उपकरण चालत नसेल, तर त्याचा विंडोज १० साठीचा ड्रायव्हर (उपकरण चालवणारा छोटा प्रोग्राम) उत्पादकाच्या संकेतस्थळावरून घेऊन बसवावा. बहुधा तोच चालतो. तरीही काम अडत असेल, तर सेटिंग्जमधील ‘रिकव्हरी’त ‘गो बॅक’ वापरून विंडोज १० वर परतता येते, पण ही सोय फक्त पहिले १० दिवसच असते. म्हणून रोजची सगळी कामे याच दिवसांत करून पाहावीत.

महिन्याचे सुरक्षा-अपडेट अशा संगणकांवर आजवर सहसा येत राहिले आहेत. वार्षिक मोठी आवृत्ती मात्र आपोआप येत नाही. होम आणि प्रो या प्रकारांच्या प्रत्येक आवृत्तीला २४ महिन्यांचा आधार असतो, म्हणून ती मुदत संपण्यापूर्वी नवी आयएसओ उतरवून, पुन्हा बॅकअप घेऊन, पेनड्राइव्हची हीच कृती करावी लागते.