चेतनेच्या तत्त्वज्ञानाचा अभ्यास: सुरुवात कुठून करावी

चेतनेचं कोडं सुटेल या आशेने तत्त्वज्ञानाकडे येणाऱ्यांची निराशा ठरलेली. कोडं एक नाही, तीन-चार एकात गुंतलेली आहेत, हे मात्र इथे नीट कळतं.

पहिले काही दिवस पुस्तक उघडू नका. वहीत तीन शब्द वेगळे करा: शुद्ध, भान, अनुभव. भूल दिली की शुद्ध जाते. विचारात गढून चालणाऱ्याला शुद्ध असते, पण रस्त्याचं भान नसतं. आणि दाढ ठणकते तेव्हा ते ठणकणं, तो अनुभव. ‘यंत्राला जाग आली’ अशी बातमी दिसली की यातलं काय आलं, एवढंच विचारा. बहुतेक बातम्या तिथेच गळतात.

मग थॉमस नेगेल यांचा १९७४ चा वटवाघळावरचा निबंध घ्या. जेमतेम पंधरा-सोळा पानं, पण दोनदा वाचा. नवखे वटवाघळाच्या श्रवणशक्तीत रमतात. मुद्दा असा की ती सगळी माहिती मिळाली तरी वटवाघूळ असणं आतून कसं असतं, हे उरतंच. पुढे जॉन सर्ल यांच्या १९८० च्या लेखातली चिनी खोली: बंद खोलीतला माणूस चिनी न येताही नियमपुस्तक पाहून चिनी प्रश्नांना चिनीत बरोबर उत्तरं देतो, अशी कल्पना. लेखासोबत छापलेल्या टीका वगळू नका, खरी कुस्ती तिथे आहे: खोलीतल्या माणसाला चिनी येत नाही, पण माणूस, नियमपुस्तक, कागद मिळून अख्ख्या व्यवस्थेला येतं का? सर्ल म्हणतात, सगळे नियम त्याने पाठ केले तरी त्याला चिनी कळणार नाही. हा वाद भाषा समजण्याचा आहे, दाढ ठणकण्यासारख्या अनुभवाचा नाही. उत्तरपत्रिकेत ही गल्लत हमखास होते.

मेंदूतल्या प्राथमिक दृष्टिक्षेत्राला इजा झालेले काही रुग्ण ‘काहीच दिसत नाही’ म्हणतात, पण अंदाजाने दाखवायला सांगितलं तर ठिपक्याकडे बरेचदा बरोबर बोट करतात. म्हणजे माहिती वापरली गेली, पण पाहण्याचा अनुभव आल्याचं ते सांगत नाहीत. यंत्राची अडचण उलटी: चॅटबॉट ‘मला भीती वाटते’ म्हणतो, पण माणसांच्याच लिखाणावर तो घडलेला असल्याने नुसतं म्हणणं पुरावा ठरत नाही. म्हणून २०२३ मध्ये काही संशोधकांनी बोलणं बाजूला ठेवून यंत्राची रचना तपासायच्या, चेतनेच्या १४ खुणा मांडल्या. त्यामागचं गृहीतक आधी शोधा: योग्य प्रकारची गणनक्रिया झाली की चेतना आलीच. ते मान्य नसेल तर यादीचा फारसा उपयोग नाही.

भारतीय दर्शनांना ‘सगळीकडे चैतन्य’ एवढ्यात गुंडाळू नका. चार्वाकांच्या मते पृथ्वी, पाणी, तेज, वायू ही चार भूतं (मूलद्रव्यं) एकत्र आली की चैतन्य उपजतं, जशी किण्वामुळे, म्हणजे आंबवणाऱ्या पदार्थामुळे, मद्याला नशा येते. नैयायिकांसाठी, म्हणजे न्यायदर्शन मानणाऱ्यांसाठी, ज्ञान हा आत्म्याचा गुण, तोही आगंतुक, म्हणजे कायमचा नसलेला. गाढ झोपेत तो नसतो. यंत्राला चेतना येऊ शकते का, हा प्रश्न चार्वाकाला आधी विचारा; मग तोच नैयायिकाला विचारा आणि उत्तर कुठे अडतं ते वहीत टिपा.